संकटकाळची शिदोरी

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिली हा शब्द आपण गेले कित्येक महिने रोज उच्चारीत आहो. या शब्दाचे मूळ लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पन्नासावे वर्ष आले म्हणजे इस्राएल लोकांनी रणशिंग फुंकावे, ऋणको व गुलाम यांस मोकळे करावे आणि जमीन पडीक ठेवावी, अशी परमेश्वराची आज्ञा होती. आता जो मनुष्य शेतीवर पोट भरतो त्याला ही आज्ञा ऐकताच कोणता प्रश्न सुचेल? पेरले नाही, तर खावे काय? मौजेची गोष्ट ही की, हा प्रश्न त्याच अध्यायात लोकांच्या मुखी घातलेला आहे, आणि त्याचे उत्तरही तेथेच आहे. विसाव्याच्या वर्षापूर्वीचे पीक परमेश्वर इतके देईल की, ते नवे धान्य येईपर्यंत पुरेल. देणे परमेश्वराचे खरे. परंतु ते धान्य कापून, मळून, कणगीत भरून जपून ठेवणे मात्र मनुष्याचे होते. ज्याने ते काम केले नाही त्याची ज्युबिली उपाशी गेली असती.

आपल्या ज्युबिलीच्या सभेत मी आज जो विषय घेतला आहे तो काही जणांस चमत्कारिक वाटेल. संकट येण्यापूर्वी कोणती तयारी करावी, आणि घराबाहेर पडताना प्रत्येकाने आपल्याजवळ काय बाळगावे, असा हा विषय आहे. हा अग्निशामक दलाचा अथवा पोलिसांचा विषय. मंदिरात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. दुसरा कोणी याहून अधिक भाविकपणे म्हणेल की, उद्याची चिंता करू नका असे प्रभूनेच शिकविले असता पिशव्या भरण्याची ही यातायात अश्रद्धेची नव्हे काय?

या दुसऱ्या आक्षेपाचा विचार प्रथम करू, कारण तो प्रामाणिक आहे. प्रभूने शिष्यांस प्रथम धाडले तेव्हा झोळी, भाकर, पैसा यांपैकी काहीही घेऊ नका असे सांगितले, हे लूकच्या शुभवर्तमानात आहे. परंतु त्याच लूकच्या बाविसाव्या अध्यायात, दुःखसहनाच्या आदल्या रात्री, प्रभू त्यांस त्या दिवसांची आठवण देतो, तेव्हा काही उणे पडले का असे विचारतो, आणि मग सांगतो की, आता मात्र ज्याच्याजवळ पिशवी व झोळी आहे त्याने ती घ्यावी. दोन्ही शब्द त्याचेच. रिकाम्या हातांनी निघण्याची वेळ निराळी असते आणि झोळी घेऊन निघण्याची वेळ निराळी असते. ती ओळखणे यालाच सुज्ञता म्हणतात. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत चार मूलभूत सद्‌गुणांत सुज्ञतेचा क्रमांक पहिला आहे, आणि संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टी हे सुज्ञतेचे मुख्य अंग मानले आहे. लॅटिन भाषेत या दूरदृष्टीला आणि ईश्वराच्या तजविजीला 'प्रोव्हिदेन्सिया' हा एकच शब्द आहे. देव आपल्यासाठी पुढचे पाहतो, म्हणून आपण डोळे मिटावेत असा त्याचा अर्थ नव्हे. चिंता मनुष्याला रात्री जागवते आणि सकाळी काहीच करू देत नाही. तयारी मनुष्याकडून दिवसा काम करून घेते आणि रात्री त्याला झोप देते.

आता आपल्या या शहराकडे वळू. पुणेकरांस संकट म्हणजे काय हे सांगण्याकरिता परक्या देशाचे दाखले नकोत. ता. १२ जुलै १९६१ हा दिवस येथील जुन्या घराण्यांतून अद्याप निघालेला नाही. आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्याचे काम चालू होते. ते पुरते झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. ११ तारखेच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण वाचविण्याची शिकस्त केली. तरीही १२ तारखेस सकाळी ते फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्यास आला, आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेले ते दगडी धरणही दुपारी फुटले. मुठेचे पाणी लकडी पुलावरून गेले. नदीकाठच्या पेठा आणि डेक्कन जिमखान्याचा भाग पाण्याखाली बुडाला. किती माणसे दगावली याविषयी आकडे जुळत नाहीत. सामान्यतः एक हजारांच्या आसपास सांगतात. हजारो कुटुंबे बेघर झाली, आणि त्यांच्याकरिता गोखलेनगरासारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या.

या हकिकतीत दोन गोष्टी ध्यानात धरण्याजोग्या आहेत. पहिली ही की, सकाळी पानशेत फुटले आणि दुपारी खडकवासला फुटले, यांच्या दरम्यान काही तास होते. ज्यांस खबर मिळाली, जे तत्काळ निघाले, ज्यांस कोठे जावयाचे हे माहीत होते, त्यांस ते तास पुरले. ज्यांनी ट्रंका उघडून काय घ्यावे आणि काय ठेवावे याचा विचार तेव्हा आरंभिला, त्यांस ते पुरले नाहीत. दुसरी गोष्ट ही की, खडकवासला हेच शहराच्या नळांचे उगमस्थान. ते रिते होताच, ज्या शहरात पाण्याने माणसे बुडाली त्याच शहरात पिण्याच्या पाण्याची टंचाई पडली. वीजही गेली. त्या दिवसांत वाड्यांतील विहिरी आणि आड लोकांच्या उपयोगी पडले. आज त्या वाड्यांच्या जागी इमारती आहेत आणि त्या विहिरींपैकी पुष्कळ बुजल्या आहेत. याचा अर्थ, नळ आणि वीज एकदम बंद पडल्यास आजचा पुणेकर १९६१ च्या पुणेकराहून अधिक असहाय आहे.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणू नये. ता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यास असा पूर आला की, घरांच्या भिंती पडल्या, मोटारी वाहून गेल्या, आणि शहरात व आसपास मिळून विसांच्या आसपास माणसे प्राणास मुकली. त्या वेळी धरण फुटले नव्हते. काही तासांचा पाऊस पुरेसा झाला. ता. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, आणि त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत तिघांचा विजेच्या धक्क्याने अंत झाला. आपल्याच जिल्ह्यात माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गडप झाले. महामारीचे तर सांगावयासच नको. महाराष्ट्रातील पहिले करोनाचे रोगी ९ मार्च २०२० रोजी याच शहरात आढळले.

तेव्हा जवळ काय बाळगावे? आपल्या आज्या-पणज्यांस हा प्रश्न पडत नसे. आजीच्या कनवटीला बटवा असे. त्यात सुंठ, हळकुंड, जायफळ, सुईदोरा आणि दोन नाणी. आजोबांच्या कमरेला चंची असे. दर आषाढात आपल्या शहरातून पालख्या जातात तेव्हा वारकऱ्याच्या खांद्यावरील पडशी पाहा. पंढरपुरापर्यंत पायी जावयाचे, म्हणून तीत खांद्यास सोसेल तेवढेच असते. आणि जे असते त्याचा रोज उपयोग होतो. आम्हा धर्मगुरूंचीही एक पडशी आहे. रुग्णाभिषेकाचे तेल प्रसंगी उपयोगी पडावे म्हणून धर्मगुरूने ते सदैव जवळ बाळगण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या १००३ व्या कलमाने मुभा दिलेली आहे. ती तेलाची डबी अंगठ्याएवढी असते. हाक कोणत्या घटकेस येईल हे ठाऊक नसते. म्हणूनच ती डबी कपाटात न राहता खिशात राहते. यातून निवडीचा पहिला नियम निघतो: जी वस्तू जड म्हणून घरी राहते तिचा प्रसंगी काडीइतका उपयोग नाही.

या नियमास अनुसरून मी सात वस्तू सांगतो. त्या सर्व मिळून एका लहान पिशवीत मावतात, आणि त्यांचा खर्च एका सणाच्या मिठाईहून अधिक नाही.

पहिली, एक चिठ्ठी. तीवर आपले नाव, रक्तगट, जुना आजार, चालू औषधे आणि घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहून ती प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावी. मोबाइल भिजला अथवा बंद पडला म्हणजे आपणांस स्वतःच्या मुलाचाही क्रमांक आठवत नाही, ही आजची स्थिती आहे. याच चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहावी: मी कॅथोलिक आहे, प्रकृती गंभीर असल्यास कृपा करून धर्मगुरूस बोलवावे. आपल्या मागील पिढीतील कित्येकजण अशी चिठ्ठी जवळ ठेवीत. ती चाल पुन्हा सुरू करण्याजोगी आहे.

दुसरी, शिट्टी. ढिगाऱ्याखाली किंवा अंधारात अडकलेल्या मनुष्याचा आवाज लवकर बसतो. शिट्टी फुंकण्यास श्वास पुरतो. तीन वेळा फुंकावी, थांबावे, पुन्हा तीन वेळा फुंकावी. तिसरी, लहान विजेरी. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नये, कारण तो दिवा आपला बोलण्याचा मार्ग खाऊन टाकतो. चौथी, नेहमीच्या औषधांची दोन-तीन दिवसांची पुडी, आणि तीसोबत जलसंजीवनीचे एक पाकीट. मधुमेही मनुष्याने साखरही ठेवावी. पाचवी, मोठा स्वच्छ रुमाल अथवा पंचा. रक्त वाहत असेल तर त्याची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी, आणि थांबले की काय हे पाहण्यास वारंवार उचलू नये. तोच पंचा मोडलेल्या हातास झोळी होतो, आणि धुरातून जाताना ओला करून नाकावर धरला तर थोडा आधार देतो. सहावी, सुट्या नोटा. वीज गेली म्हणजे पैशाचे यंत्र चालत नाही आणि मोबाइलवरून पैसे देणेही खोळंबते. अशा वेळी दहा-वीसच्या नोटांस पाचशेच्या नोटेहून अधिक किंमत येते. सातवी, पाण्याची बाटली.

तरुणांची एक शंका मला माहीत आहे. मोबाइलवर अशा सामानाची चित्रे ते पाहतात. त्यांत घडीचे चाकू, नाना अवजारे एकत्र जोडलेल्या पकडी, सैनिकी थाटाच्या पिशव्या असतात, आणि त्यांच्या किमती ऐकून बापाचे डोळे पांढरे होतात. लेकरांनो, त्यांतील काही वस्तू चांगल्या आहेत. परंतु चाकू घेऊन विमानात जाता येत नाही, गर्दीच्या ठिकाणी तपासणीत तो काढून घेतात, आणि भांडणात तो जवळ असणे हेच एक संकट आहे. त्या किमतीत प्रथमोपचाराचा अभ्यास पुरा होऊन वर पैसे उरतात. निवडीचा दुसरा नियम हा की, जी वस्तू वापरता येत नाही ती विकत घेऊ नये. आणि जे ज्ञान हातात आहे त्याला पिशवी लागत नाही, ते भिजत नाही, कोणी चोरीतही नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स, रेड क्रॉस यांसारख्या संस्था हे ज्ञान देतात. ११२ हा सर्व प्रकारच्या संकटांचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लहान मुलांससुद्धा बाराखडीसारखा पाठ असावा.

घराकरिता निराळी पिशवी करावी आणि ती दाराजवळ खुंटीस टांगावी. शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे व घराचे कागद यांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तीत ठेवाव्यात. सुके खाणे, मेणबत्ती, काडेपेटी, एक एक जोड कपडे असावेत. पिण्याचे पाणी दर माणशी दररोज ३ ते ४ लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे घरात झाकून ठेवावे. पूर ओसरल्यावर नळाचे पाणी उकळल्यावाचून पिऊ नये. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक गृहिणीस माहीत असावे. पाणी दाराशी येण्याची चिन्हे दिसताच, जमीन कोरडी आहे तोवर, विजेचे मुख्य बटण बंद करावे आणि गॅसची टाकी बंद करावी. पाण्यात उभे राहून बटणास हात लावू नये, आणि ओली हातगाडी अथवा टपरी हलविण्यास धावू नये; पुलाच्या वाडीतील ते तिघे आपली हातगाडी वाचविण्यासच गेले होते.

आणि मग निघावे. मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे की, जो धाब्यावर आहे त्याने घरातील वस्तू घेण्यास खाली उतरू नये, आणि जो शेतात आहे त्याने वस्त्राकरिता मागे फिरू नये. पिशवी अगोदर भरून ठेवण्याचा खरा हेतू हाच आहे. ज्याची पिशवी भरलेली आहे तोच मागे न पाहता निघू शकतो. ज्याची भरलेली नाही तो लोटच्या बायकोप्रमाणे मान वळवितो.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान मनुष्यानेही पुढचा विचार केला होता. त्याने कोठारे मोडून मोठी बांधण्याचे योजिले होते, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागून घेण्यात आला. त्याचा दोष साठविण्यात नव्हता, कारण योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठविले आणि त्याची स्तुती झाली. भेद इतकाच की, योसेफाचे कोठार भुकेल्यांसाठी उघडणार होते आणि या धनवानाच्या मनोगतात 'माझे' या शब्दापलीकडे कोणी शेजारी नव्हता. २०२० साली टाळेबंदीची वार्ता येताच दुकानांतील पीठ, तेल, औषधे काही घरांत ढिगांनी गेली आणि हातावर पोट असणाऱ्यांस मिळेनाशी झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या ढिगास तयारी हे नाव शोभत नाही. संत मार्टिन यांनी भिकाऱ्यास अर्धा झगा दिला तो जवळ झगा होता म्हणून, आणि फाडण्याचे मन होते म्हणून, दोन्ही पाहिजेत. यास्तव निवडीचा तिसरा नियम सांगतो: पिशवीत एक वस्तू तरी अशी असावी की, जी आपल्यास लागणार नाही आणि दुसऱ्यास लागेल.

परंतु काही गोष्टी देऊ म्हटले तरी देता येत नाहीत. दहा कुमारींच्या दाखल्यातील शहाण्या कुमारींनी आपले तेल दिले नाही, याबद्दल कित्येकांस त्या कठोर वाटतात. तेथे तेल म्हणजे मनुष्याच्या आत्म्याची स्वतःची सिद्धता होय, आणि ती उसनी मिळत नाही. पूर आला म्हणजे शेजाऱ्याचा दोर मागता येईल, शेजाऱ्याचा पश्चात्ताप मागता येणार नाही. म्हणून ज्या ख्रिस्ती मनुष्याच्या पिशवीत सातही वस्तू आहेत आणि ज्याने वर्षानुवर्षे पापनिवेदन केलेले नाही, त्याची तयारी अपुरी आहे असे मी स्पष्ट म्हणतो. याच संबंधात आणखी एक गोष्ट शिकविणे माझे कर्तव्य आहे. प्राणसंकटात धर्मगुरू जवळ नसता कोणीही मनुष्य बाप्तिस्मा देऊ शकतो, आणि तो कसा द्यावा हे लोकांस शिकविण्याचा भार कायद्याने धर्मगुरूवर ठेवला आहे. ज्या बालकाच्या आईबापांची तशी इच्छा आहे आणि जे जगण्याची आशा नाही, त्याच्या मस्तकावर साधे पाणी ओतीत त्याचे नाव घेऊन पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो असे म्हणावे. ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू मनात असावा. मग ही वार्ता धर्मग्रामास कळवावी, म्हणजे नोंद होईल. त्या सातव्या वस्तूचा, त्या पाण्याच्या बाटलीचा, याहून थोर उपयोग मला ठाऊक नाही.

शेवटी, आपल्या धर्मग्रामापुढे माझी मागणी ठेवतो. या मंदिराभोवतीच्या वस्तीत असे वृद्ध पुष्कळ आहेत की, ज्यांची मुले परगावी किंवा परदेशी आहेत आणि जे जिना एकट्याने उतरू शकत नाहीत. पाणी चढू लागल्यावर त्यांच्या दाराशी कोण जाणार, हे आज ठरलेले नाही. ज्युबिलीच्या रोषणाईस माझा विरोध नाही. आनंदाच्या दिवशी दिवे लागलेच पाहिजेत. परंतु या उत्सवाच्या शिलकेतून चार गोष्टी व्हाव्यात अशी माझी विनंती आहे. अशा प्रत्येक वृद्धाच्या व रुग्णाच्या घराची यादी व्हावी आणि प्रत्येक नावापुढे त्याच आळीतील दोन सशक्त माणसांची नावे लिहिली जावीत. धर्मग्रामाच्या सभागृहाची किल्ली रात्रीही मिळेल अशा दोन घरी राहावी, आणि तेथे पाणी, चटया व प्रथमोपचाराची पेटी असावी. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्यांची प्रत करून ती उंच व कोरड्या निराळ्या जागी ठेवावी. या वह्यांत आपल्या आजोबांची नावे आहेत, आणि भिजलेली शाई पुन्हा लिहिता येत नाही. आणि प्रत्येक आळीतील दोघांनी प्रथमोपचार शिकून घ्यावा.

ही पिशवी आणि ही यादी वर्षातून दोनदा तपासावी. त्याकरिता निराळी तिथी नको. ख्रिस्तसभेचे पंचांग पुरेसे आहे. पेंटेकॉस्टचा सण १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान, म्हणजे आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो; त्या दिवशी एकदा. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जागे राहण्याचा उपदेश वेदीवरून वाचला जातो. त्या दिवशी दुसऱ्यांदा. जुनी औषधे काढावीत, विजेरीचे सेल बदलावेत, पाणी नवे भरावे, आणि यादीतील जो वृद्ध देवाघरी गेला असेल त्याच्यासाठी प्रार्थना करून त्याच्या जागी पुढचे नाव लिहावे.

यादीचा कोरा कागद सभागृहाच्या दाराजवळील मेजावर ठेवला आहे. बाहेर पडताना ज्यांच्या शेजारी कोणी एकटे राहत असेल त्यांनी त्याचे नाव आणि खाली आपले नाव लिहून जावे. परमेश्वर आपणां सर्वांचे रक्षण करो, आणि ज्यांचे रक्षण तो आपल्या हातून करू इच्छितो त्यांच्याकडे जाण्यास आपणांस सिद्ध ठेवो. आमेन.